हातांना पुरेल एवढा उजेड

मित्रांनो, मी एक जुना छतदिवा आहे. सध्या छताला नाही, एका फळीवर आहे, तेव्हा मला छतदिवा म्हणावं की नाही असा प्रश्न कुणाला पडला तर पडो. निवृत्त झालेल्या मास्तरांना लोक शेवटपर्यंत मास्तरच म्हणतात. मलाही तेवढा मान द्या, आणि माझी गोष्ट ऐका.

आधी माझं रूप सांगतो, कारण त्याचा मला थोडा गर्व आहे. दुधी काचेचा एक मोठा गोल वाडगा, त्याच्या गळ्याशी पितळेची पट्टी, पट्टीला तीन साखळ्या, आणि सगळ्यांच्या वर वायरींची जोडणी झाकणारी पितळेची एक उपडी वाटी. आजकालचे दिवे पुठ्ठ्याच्या खोक्यातून चपटेच येतात. आमच्या वेळी दिव्याला पोट असायचं.

माझा जन्म भट्टीत झाला. काचेचा लालबुंद, मऊ गोळा होतो मी. एका कामगाराने लांब नळीच्या टोकावर मला उचललं, गाल फुगवले आणि फुंकर मारली. माझ्या पोटातली ही जी पोकळी आहे, जिच्यात पुढे माझा सगळा उजेड राहिला, ती त्या माणसाच्या श्वासाने झाली. तो कोण होता मला ठाऊक नाही. मधूनमधून खोकत होता, एवढंच आठवतं. फुंकरीने दिवा विझतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण फुंकरीने दिवा जन्मालाही येतो, हे आठवलं की मला अजून नवल वाटतं.

भट्टीतून मी दुकानात आलो. तिथे आम्ही सगळे छताला ओळीने लटकलेले असायचो आणि गिऱ्हाइकं माना वर करून आम्हाला न्याहाळायची. एक दिवस एक तरुण जोडपं आलं. लग्नाला फार दिवस झालेले दिसत नव्हते. ती दोघं पहिल्या दिव्याखाली उभी राहिली, पण वर कुणी बघेचना. तिने हवेत हात हलवले, बोटं उघडली, मिटली, छातीला लावली. त्यानेही हातांनीच काहीतरी केलं आणि नकारार्थी मान हलवली. मग दोघं पुढच्या दिव्याखाली गेली. तिथेही तेच.

गल्ल्यावरचा दुकानदार बराच वेळ हे बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"बाई, दिवा बघताय की भांडताय?"

"बोलतोय," ती म्हणाली. "ह्यांना ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. ज्याच्या उजेडात ह्यांना माझं बोलणं नीट दिसेल, तो दिवा घेणार."

दुकानदार स्टुलावरून उठला आणि स्वतः एकेक दिवा लावून दाखवू लागला. एकाचा उजेड डोळ्यांवर यायचा. एकाच्या काचेवर नक्षी होती, त्या नक्षीच्या सावल्या तिच्या बोटांत अडकायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी पोटातला सगळा उजेड सावकाश खाली सोडला. तिचे हात हलले आणि तो मोठ्याने हसला. त्याचं हसणं जरा वेगळंच होतं, स्वतःचं हसणं कधी न ऐकलेल्या माणसाचं.

"काय म्हणालात त्यांना?" दुकानदाराने विचारलं.

"म्हटलं, हा माणूस आता आपल्याला काही घेतल्याशिवाय सोडत नाही."

अशी माझी निवड झाली. मित्रांनो, दिव्याची पारख करताना लोक काच बघतात, पितळ बघतात, फार तर किती बल्ब लागतात ते विचारतात. माझी पारख दोन माणसांच्या गप्पांनी झाली. पोटातल्या श्वासानंतर मला मिळालेली ही दुसरी थोर गोष्ट.

घर दोन खोल्यांचं होतं. तो पुस्तकं बांधायचा. लोक त्याला बाइंडर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. खोलीच्या मधोमध त्याचं लांब टेबल आणि टेबलाच्या बरोब्बर वर मी. सुटी पानं घडी घालून एकावर एक रचायची, सुईदोऱ्याने शिवायची, कण्याला खळ लावायची, दाबात ठेवायची, मग धारदार सुरीने कडा कापायच्या. दिवसा तो खिडकीपाशी बसे आणि संध्याकाळी माझ्याखाली टेबलावर येई.

आता अडचण अशी, की बाइंडरला हाक मारता येत नसे. मागून जाऊन खांद्याला हात लावावा, तर तो दचके, आणि हातात सुरी असताना दचकणं काही बरं नाही. तेव्हा त्याच्या बायकोने एक युक्ती काढली. भिंतीवरचं माझं बटण दोनदा खालीवर केलं, की मी दोनदा मिचकावायचो. दोनदा म्हणजे 'इकडे बघ'. तीनदा म्हणजे 'दारात कुणी आलंय'. आणि बटण भराभर, कितीही वेळा खालीवर झालं, तर 'हातातलं टाक आणि धाव'. इतर घरांत दिवा डोळ्यांच्या कामाला येतो. त्या घरात मी कानांचंही काम केलं.

ही धावायची खूण एकदाच वापरावी लागली. स्वयंपाकघरात पडद्याने पेट घेतला होता. बायकोने एका हाताने पाणी मारलं आणि दुसऱ्याने बटण असं काही बडवलं, की माझा बल्ब आतल्या आत थरथरला. बाइंडर सुरी टाकून धावला आणि सतरंजी टाकून त्याने आग विझवली. नंतर तो स्टुलावर चढला आणि खिशातल्या रुमालाने माझी काच पुसू लागला. काच स्वच्छच होती. तरी तो पुसत राहिला.

त्यांची भाषा मी छतावरून शिकलो. वरून भांग दिसायचा, टक्कल पडायला लागलं तेही सगळ्यांत आधी मलाच कळलं, आणि दिसायचे ते हात. सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं माशा हाकलताहेत. मग हळूहळू कळू लागलं, की हा तळवा म्हणजे घर, ही दोन बोटं म्हणजे चालणं, आणि छातीवर आपटलेली मूठ म्हणजे 'पुरे झालं तुझं'. दोन माणसं तोंडातून अक्षर न काढता भांडू शकतात, समजूत घालू शकतात, शेजाऱ्यांची नक्कलही करू शकतात. मी थक्क होऊन लटकत राहायचो. हातांच्या भाषेत अहोजाहोही नसतं. बोट दाखवलं की झालं. चारचौघांत 'हे' म्हणणारी ती बाई घरात नवऱ्याला बोटाने असं काही सुनवायची, की विचारू नका.

मग मुलगी झाली. तिला ऐकू यायचं, पण तिने पहिला शब्द उच्चारला तो हातानेच. पाळण्यात उताणी पडून ती माझ्याकडे बघत होती. तिने इवलीशी मूठ वर केली आणि बोटं खाली उघडली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दिवा. मित्रांनो, सगळी मुलं आधी आई म्हणतात किंवा बाबा म्हणतात. ह्या पोरीने आधी मला हाक मारली. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाप वेड्यासारखा तीच खूण पुन्हापुन्हा करत राहिला. मी काय करणार, नेहमीसारखा जळत राहिलो.

हात सारखे फडफडायचे म्हणून तिला सगळे चिमणी म्हणू लागले. चिमणी मोठी झाली आणि वायरमन झाली. लोकांनी वायरमनला बोलावलेलं असे आणि दारात खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेली ही बाई उभी राही. पण एकदा तिने जोडलेलं काम पाहिलं, की पुढच्या वेळी लोक तिचंच नाव घेत. लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मग घरात उरली दोघं, आणि वर मी.

म्हातारपण कुणाला चुकलंय? माझ्या काचेत धूर आणि तेलकट धूळ मुरली आणि दुधी रंग चहासारखा झाला. आतला होल्डर उष्णतेने तडकला. चिमणीने एकदा तपासून सांगितलं, "ह्यात मोठा बल्ब घालू नका, होल्डर जळेल. खरं तर हा दिवाच बदलायला हवा." बाइंडरने छातीवर मूठ आपटली. पुरे झालं तुझं. तेव्हापासून माझ्या पोटात एक छोटासा बल्ब आला आणि मी संध्याकाळी जेमतेम टेबलापुरता उजेड देऊ लागलो.

त्याच सुमारास बाइंडरचे डोळेही मंदावत चालले होते. दिवसा खिडकीपाशी तो सुई ओवायचा, पानं शिवायचा, गप्पा मारायचा. पण सूर्य कलला की त्याच्यापुढे नुसती धूसर हालचाल उरे. बायकोचे हात हलताहेत एवढं कळे. काय म्हणताहेत ते कळत नसे.

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. लहानपणी ऐकू येत नाही म्हणून पोरांनी त्याला फार छळलं होतं. आता दिसतही नाही, हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्याने सोपा मार्ग काढला. तिचे हात थांबले, की तो मान डोलवायचा. हसून, प्रेमाने, अगदी वेळेवर. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे मान डोलवायची हे माणसाला पाठ होतंच.

तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की नवरा दिवसा बोलतो आणि संध्याकाळी आपण काहीही सांगितलं तरी मान हलवून कामाला लागतो. एकदा तिचा अंगठा चांगलाच भाजला. तिने सांगितलं. त्याने हसून मान डोलवली. ती तिथेच उभी राहिली, मग आत गेली आणि स्वतःच पट्टी बांधून आली. त्यानंतर ती संध्याकाळी फारसं बोलेनाशी झाली, आणि दिवसाही तो अंगठा मुठीत लपवू लागली. ती बोलत नाही म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि त्याला हायसं वाटलेलं तिला दिसलं.

शेवटी एका संध्याकाळी ती माझ्याखाली येऊन उभी राहिली. तिने दोनदा बटण दाबून त्याला हाक मारली. त्याने वर बघितलं.

तिच्या हातांनी विचारलं, "माझा कंटाळा आलाय का तुला?"

त्याने मान डोलवली.

"मी ताईकडे जाऊन राहू? कायमची?"

त्याने पुन्हा मान डोलवली, आणि वर गोड हसला. बिचाऱ्याला वाटलं असेल, ती चहाचं विचारतेय.

तिचे हात खाली आले. मी वरून दोघांनाही बघत होतो. तिचा प्रश्न मला दिसला होता आणि त्याला तो दिसला नाही हेही दिसलं होतं. सगळ्या जगात हे फक्त मलाच ठाऊक होतं. पण माझ्याजवळ होता एकच शब्द, मिचकावण्याचा, आणि तोही कुणी बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने चिमणीला फोन केला. रडली नाही. "मी उद्या संध्याकाळच्या गाडीने मावशीकडे जातेय. परत यायचं नाही. तुझ्या बाबांना विचारलंय, ते हो म्हणाले."

चिमणी त्याच दुपारी आली. बाप खिडकीपाशी होता. लेकीला बघून खुलला. तिच्या कामाची चौकशी केली, शेजारच्याची नक्कल केली, हातांनी नुसता धुमाकूळ घातला. चिमणी गोंधळली. कंटाळलेला माणूस असा असतो होय? मग अंधारून आलं. तिने मला लावलं. बाइंडर सरळ बसला, चेहऱ्यावर एक हसू ठेवलं आणि गप्प झाला.

चिमणी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग हातांनी म्हणाली, "बाबा, छतावर गाढव चढलंय."

बाइंडरने मान डोलवली.

"त्याला चहा देऊ?"

हो.

"दोन चमचे साखर घालून?"

हो, हो.

आई दारात उभी राहून बघत होती. "माझी थट्टा चाललीय का बापलेकीची?"

"आई, त्यांना दिसत नाहीये."

"सुईत दोरा ओवतात रोज."

"दिवसा ओवतात. खिडकीपाशी. आत्ता त्यांनी गाढवाला चहा पाजलाय."

आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं, पण दुखावलेलं मन असं एका वाक्यावर उठून बसत नाही. "दिसलं नाही तर माणूस परत विचारतो," ती म्हणाली. "मी विचारलं, ते हो म्हणाले. मला पुरे आहे तेवढं."

चिमणीने सुस्कारा सोडला. "हे बघ, तुमचं भांडण सोडवायला मी वकील नाही. मी वायरमन आहे. तुमचं तुम्ही बोला, बोलायला उजेड मी देते. उद्या दुपारी येते. नवा दिवा लागेपर्यंत थांब, मग हवं तर जा."

मित्रांनो, माझ्या मरणाचा निर्णय असा झाला, गाढवावरून. मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, आला नाही. इतके दिवस जे मला सांगता येत नव्हतं ते ह्या पोरीने गाढवाला चहा पाजून शोधून काढलं, ह्याचंच मला कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिडी आणि एक चपटं खोकं घेऊन आली. आईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. बाइंडरने बॅगेकडे बोट दाखवून बायकोला विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "विचारून झालंय," आणि तोंड फिरवलं. हातांच्या भाषेत पाठ फिरवली, की वाद तिथेच संपतो. बाइंडरला वाटलं, बहिणीला भेटायला निघाली असेल. पण चिमणीने शिडी उघडली तसा तो आडवा आला.

"हा काढू नको. हा मला हाक मारतो."

"नवाही मारेल."

"मला सगळं नीट दिसतं."

चिमणीनेही पाठ फिरवली आणि जाऊन मेन स्विच बंद केला. शेवटी मुलगी कुणाची.

आईने शिडी धरली. जाणार असली म्हणून काय झालं, लेक शिडीवर चढतेय म्हटल्यावर धरायलाच हवी. चिमणीने आधी टेस्टर लावून वायरीत वीज नाही ह्याची खात्री केली. मेन बंद केलाय हे माहीत असूनही केली. मग माझी वरची वाटी सोडवली. इतक्या वर्षांची धूळ तिच्या केसांत पडली. वाटीखाली छतात एक भोक होतं आणि त्यातून दोन वायरी बाहेर आल्या होत्या, कापडी वेष्टणाच्या, हात लावला की वाळल्या पानासारखं वेष्टण गळावं अशा.

मी त्या दोन वायरींकडे बघतच राहिलो. ह्यांच्यावर मी जगलो होतो. पडद्याची आग, पाळण्यातली मूठ, त्या सगळ्या संध्याकाळी ह्या दोन सुतळ्यांतून आल्या होत्या. मला वाटायचं, वर काहीतरी अफाट असेल. आणि वर एवढंसं भोक होतं, अंधारं. त्या अंधारातून उजेड येत होता. मला दुसरं काही सुचेना.

चिमणीने कनेक्टरचे स्क्रू सैल केले, वायरी मोकळ्या केल्या, मला आकड्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांत धरून खाली आणलं. ज्या पोरीला मी पाळण्यात पाहिलं होतं तिने मला कडेवर घेतलं होतं. तिने मला टेबलावर उताणं ठेवलं.

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे चेहरे खालून दिसले. वरून मला नेहमी भांग दिसला, टक्कल दिसलं, हात दिसले. ह्या माणसांना हनुवट्या आहेत, नाकाच्या बाजूने ओठांपर्यंत उतरलेल्या रेषा आहेत, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बाई किती थकली होती. ज्यांच्यावर आयुष्यभर उजेड पाडला, त्यांना मी नीट पाहिलंच नव्हतं.

वर काम चाललं होतं. चिमणीने जुन्या वायरी ओढून काढल्या आणि छतातल्या त्याच नळीतून नव्या घातल्या. बरोबर एक हिरवी वायरही होती, अर्थिंगची. ती मला कधीच नव्हती. नव्या दिव्याची पट्टी तिने छताला पक्की केली, फेज, न्यूट्रल आणि अर्थ जागच्या जागी जोडले, प्रत्येक वायर ओढून बघितली आणि पांढरी चकती फिरवून बसवली. नवा दिवा दिसायला अगदीच सपाट. ना पोट, ना साखळ्या. तोवर बाहेर अंधारून आलं होतं.

तिने मेन चालू केला आणि बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो दिवा सावकाश उजळला आणि उजळतच गेला. मित्रांनो, मी उजेडात जन्मलो आणि उजेडातच जगलो, पण उजेडाखाली कधी नव्हतो. कोपरे दिसू लागले. टेबलावरचे सुरीचे चरे दिसू लागले. उजेड अंगावर पडतो तेव्हा असं वाटतं होय? लोक माझ्याखाली रोज हे अनुभवत होते आणि मला पत्ताच नव्हता.

बाइंडर मात्र भिंतीपाशी गेला आणि त्याने बटण भरकन दोनदा खालीवर केलं. 'इकडे बघ.' नवा दिवा मिचकावलाच नाही. त्याला उजळायला वेळ लागायचा आणि विझायलाही. एवढी घाईची हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. बाइंडरने तीनदा केलं. दिवा ढिम्म.

चिमणीचा चेहरा पडला. ह्याच घरात वाढलेली, पाळण्यापासून ह्या खुणा पाहिलेली, आणि दुकानात दिवा घेताना नेमकं हेच बघायला विसरली होती.

बाइंडरने हातांनी म्हटलं, "हा तर माझ्याहून बहिरा."

आईला हसू आवरलं नाही. बॅगेशी उभी असलेली ती बाई हसत हसत हातांनी बोलून गेली, "एका घरात दोन बहिरे. मी कुणाकुणाला हाका मारायच्या?"

"तू मारत राहा," बाइंडरचे हात ताबडतोब म्हणाले. "दोघांतला एक तरी ऐकेल."

आणि सगळं थांबलं. त्याने मान डोलवली नव्हती. उत्तर दिलं होतं.

ती सावकाश टेबलापाशी आली. "तुला दिसलं मी काय म्हणाले ते?"

"दिसलं." त्याची नजर तिच्या हातावर खिळली होती. त्याने बोट दाखवलं. "अंगठ्याला काय झालं?"

"भाजला होता. सांगितलं होतं तुला."

"मी काय म्हणालो?"

तिने फक्त मान डोलवली. हसून, प्रेमाने, अगदी त्याच्यासारखी.

बाइंडर ते बघत राहिला. मग त्याने दाराशी असलेल्या बॅगेकडे बघितलं. "ह्याचंही विचारलं होतंस?"

तिने पुन्हा तशीच मान डोलवली.

तो खुर्चीवर बसला. त्याचे हात मांडीवरून उठले. "संध्याकाळी मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. लाज वाटली. ऐकू येत नाही एवढंच पुरे होतं." मग पुढे, "सगळं परत सांग. ज्याला ज्याला मी मान डोलवली ते सगळं."

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. सांगू लागली. भाजलेल्या अंगठ्यापासून, नळाला पाणी न आलेल्या दिवसापासून, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या पडण्यापासून. तो प्रत्येक गोष्टीवर काहीतरी विचारत होता, मध्येच रागावत होता, मध्येच हसत होता. गाडीची वेळ कधीच टळून गेली. चिमणी शिडीच्या पायरीवर बसून राहिली. मी टेबलावर उताणा पडून, त्या दोघांच्या हातांखाली, सगळं बघत होतो. एवढं बोलणं माझ्या मंद उजेडात वाया गेलं होतं आणि ते सगळं तिच्या हातांत अजून शिल्लक होतं.

सांगता सांगता ती त्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत आली. तिचे हात वर झाले. मला माहीत होतं आता कुठला प्रश्न येणार.

मित्रांनो, हातांनी बोलणाऱ्यांत एक गोष्ट कुणी करत नाही. समोरच्याचे हात धरत नाहीत. ते तोंडावर हात ठेवण्यासारखं असतं. कितीही कडाक्याची भांडणं झाली, तरी त्या घरात मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाइंडरने पुढे वाकून तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तो प्रश्न तिला विचारूच दिला नाही.

चिमणीने दुसऱ्या दिवशी चटकन लागणारा दिवा आणून बसवला. तो माझ्याहूनही चांगला मिचकावतो, हे कबूल करायला हवं. वडिलांना ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेली. मला पुसून ह्या फळीवर ठेवलं आहे, पोटात बल्ब नाही.

जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. त्या घराने मला फार जपलं, आणि त्यापायी दोन माणसं एकमेकांना हरवून बसणार होती. तुमच्याही घरी कुणी असेल, काहीही विचारलं तरी नुसती मान डोलवणारं. त्यांच्यावर रुसण्याआधी उठा आणि खोलीतला दिवा बघा. काच पुसा, बल्ब बदला, तेवढ्याने भागत नसेल तर जाणत्या माणसाला बोलावून दिवाच बदलून घ्या. आणि मग त्यांच्यासमोर बसून सगळं पहिल्यापासून सांगा. आमच्याकडे कुणी बघत नाही ह्याचं आम्हा दिव्यांना कधीच वाईट वाटत नाही. तुम्ही एकमेकांकडे बघत असलात, की आम्ही जळलो त्याचं चीज होतं.